वळणानंतर रेस दिली की गाडी क्षणभर दबते? कारण असं शोधा

वळण संपत आलं, स्टिअरिंग सरळ व्हायला लागलं, रेस दिली आणि गाडीनं दम सोडला. एक-दोन सेकंद पाय दाबलेला आहे पण पिकअप नाही, मग काहीच झालं नाही अशी गाडी पुन्हा पळते. या तक्रारीवर बहुतेक जण थेट इंधन पंप बदलतात. मग प्लग, मग थ्रॉटल बॉडीची (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची) सफाई. दोष मात्र जागच्या जागी राहतो, कारण वळणात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडतात आणि त्यातली दोषी कोणती हे कुणी तपासलेलंच नसतं.

पहिली गोष्ट, बाजूला पडणारा जोर. त्यानं टाकीतलं इंधन आणि इंजिनातलं ऑइल एका बाजूला सरकतं. दुसरी, फिरलेलं स्टिअरिंग. त्याच्याबरोबर पुढच्या चाकांजवळच्या वायरी ताणल्या जातात आणि पॉवर स्टिअरिंगचा भार वाढतो. तिसरी म्हणजे पायाची हालचाल: रेस सोडणं, ब्रेक दाबणं, गिअर उतरवणं, पुन्हा रेस देणं. या तिसऱ्या गोष्टीचा वळणाशी काही संबंध नाही. ती फक्त वळणावर घडते, म्हणून दोष वळणाला चिकटतो. खालचे सगळे टप्पे या तिघांना वेगळं करण्यासाठी आहेत. क्रम बदलू नका.

## टप्पा १: गाडी हलवण्याआधीची तयारी

फॉल्ट कोड वाचा, पुसू नका. डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावा. चेक इंजिनचा दिवा लागलेला नसला तरी वाचायचेच, कारण अनेक दोष सलग दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय दिवा लावत नाहीत. तोवर ते ‘पेंडिंग’ यादीत पडून असतात. कोडसोबत साठवलेली फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष घडला त्या क्षणीचा वेग, आरपीएम आणि इंजिनाचं तापमान, उतरवून ठेवा. कोड पुसले की ही माहिती कायमची जाते. बॅटरीचा टर्मिनल काढून ‘रिसेट’ करण्याची सवयही इथे महागात पडते: कोड जातात, इंजिनाच्या संगणकानं शिकलेली इंधनाची दुरुस्ती जाते, आणि काही गाड्यांत स्टिअरिंग कोनाचा सेन्सर शून्य विसरतो. मग एकाच्या जागी दोन दोष होतात.

साध्या स्कॅनरला फक्त इंजिन वाचता येतं. या कामासाठी एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) वाचणारा स्कॅनर मिळवा. अर्धी उत्तरं तिथेच असतात.

इंजिन ऑइल बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी, डिपस्टिकवर.

> थांबा: वळणात ऑइलचा लाल दिवा क्षणभर जरी लागला तरी पुढच्या कोणत्याही चाचण्या करू नका. ऑइल कमी असेल तर ते एका बाजूला जाऊन पंपाचं तोंड उघडं पडतं, आणि बेअरिंग खराब व्हायला तेवढं पुरे होतं. आधी ऑइलचा प्रश्न सोडवा.

चारही टायर बघा. माप एकच आहे का, हवा कंपनीनं सांगितल्याइतकी आहे का, एखादं चाक लहान मापाच्या स्टेपनीचं तर नाही ना. हे हवेचं काम क्षुल्लक वाटतं, पण टप्पा ६ सगळा चाकांच्या फिरण्याच्या फरकावर उभा आहे.

टाकीत इंधन किती आहे ते लिहून ठेवा आणि लगेच टाकी भरू नका. दोष जर कमी इंधनात येत असेल, तर टाकी भरून तुम्ही पुरावाच बुडवता.

अलीकडे काय काम झालं ते आठवा. व्हील अलाइनमेंट, नवे टायर, बॅटरी बदल, क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम, इंजिन माउंटिंग, टाकी उतरवून केलेलं काम. दोष एखाद्या कामानंतर सुरू झाला असेल तर तपास त्या कामापासूनच सुरू करा.

## टप्पा २: तिघांना वेगळं करणाऱ्या चार चाचण्या

जागा मोकळी, रुंद आणि रहदारी नसलेली हवी. शेजारच्या सीटवर एक माणूस हवाच. स्कॅनरकडे आणि दिव्यांकडे बघणं त्याचं काम, चालकाचं नव्हे. मोबाइलनं डॅशबोर्डचं चित्रण केलं तर आणखी चांगलं, कारण काही दिवे अर्धा सेकंदच लुकलुकतात.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर चारही चाचण्या करा. प्रत्येक चाचणी किमान चार-पाच वेळा.

चाचणी क: सरळ रस्ता, तीच पायाची हालचाल. वळणावर जितका वेग आणि जो गिअर असतो तोच ठेवा. रेस सोडा, हलका ब्रेक लावा, दोन सेकंदांनी पुन्हा रेस द्या. दोष सरळ रस्त्यावरही आला तर वळण निर्दोष आहे. टप्पा ५ (इंधनाची बाजू सरकणं) आणि टप्पा ६ बाजूला ठेवून टप्पा ८ कडे जा.

चाचणी ख: वळण, पण पाय स्थिर. मोठ्या वर्तुळात संथ, एकाच वेगानं गाडी फिरवा. आधी डावीकडून, मग उजवीकडून. पाय न हलवताही गाडी दबली तर दोष बाजूच्या जोराचा आहे किंवा स्टिअरिंगचा. कोणत्या दिशेला दबते ते नक्की लिहा. दोष एकाच दिशेला येत असेल तर तो अंगचा आणि यांत्रिक असण्याची शक्यता फार वाढते: सरकणारं इंधन, ताणली जाणारी वायर, एका चाकाचा सेन्सर.

चाचणी ग: उभी गाडी, फिरतं स्टिअरिंग. न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन आयडलवर. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. टोकाला दाबून धरून ठेवू नका, पॉवर स्टिअरिंगला त्याचा त्रास होतो. आरपीएम खचलं, इंजिन धडधडलं किंवा एखादा दिवा लागला तर बाजूच्या जोराला संशयातून वगळा. गाडी तर उभीच आहे.

चाचणी घ: इंधनाची पातळी बदलून. वरच्या तिन्ही झाल्यावरच टाकी पाऊणपर्यंत भरा आणि चाचणी ख पुन्हा करा. आधी येणारा दोष आता येत नसेल तर टप्पा ५ वर जा.

> तपासून पाहा: चारही चाचण्यांत एकदाही दोष आला नाही? मग प्रत्यक्ष कुठे येतो ते पुन्हा आठवा. चढाचं वळण, खड्डा, एसी चालू, थंड इंजिन, ओला रस्ता. अट सापडल्याशिवाय एकही भाग काढू नका.

## टप्पा ३: आरपीएमच्या काट्याकडे बघा

हा टप्पा दोन मिनिटांचा आहे, पण तो अर्धी गाडी संशयातून बाहेर काढतो. गाडी दबते त्या क्षणी काटा काय करतो?

काटा वर पळाला आणि गाडी मात्र ओढत नाही: ताकद इंजिनात तयार होतेय, चाकांपर्यंत पोचत नाही. क्लच घसरतोय, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घसरतोय (टप्पा ९), किंवा वळणाच्या आतलं चाक जमिनीवर मोकळं फिरतंय (टप्पा ६).

काटा झटक्यात शून्याकडे पडून परत आला, पण गाडी तर गिअरमध्येच होती: इंजिन खरोखर इतक्या लवकर थांबू शकत नाही, म्हणजे आरपीएमचा सिग्नलच तुटला. क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं मोजणारा), त्याची वायर, इग्निशनचा पुरवठा. टप्पा ७.

काटा जागीच राहिला, धक्के नाहीत, फक्त जोर गेला: बहुतेक वेळा संगणकानं मुद्दाम ताकद कापलेली असते. टप्पा ६ आणि ८.

काटा थरथरला, गाडीनं धक्के मारले, मिसिंग जाणवलं: इंधन, हवा किंवा ठिणगी. टप्पा ५ आणि ७.

## टप्पा ४: स्कॅनरवर मोजक्याच गोष्टी निवडा

इथली नेहमीची चूक म्हणजे एकाच वेळी वीस-पंचवीस आकडे लावणं. साधे स्कॅनर एकेक आकडा पाळीपाळीनं विचारतात. यादी लांबली की प्रत्येक आकडा फार उशिरा ताजा होतो आणि सेकंदभराचा दोष दोन नोंदींच्या मधल्या फटीतून निसटतो. चार-पाचच निवडा: आरपीएम, अ‍ॅक्सिलरेटर पेडलची स्थिती, थ्रॉटलची स्थिती, शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम (संगणक इंधनात क्षणोक्षणी करतो ती दुरुस्ती), आणि ऑक्सिजन सेन्सर किंवा रेलचा (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीचा) दाब. रेकॉर्डिंग सुरू करा, दोष घडवा, मग घरी बसून वाचा.

वाचताना पहिला प्रश्न एकच: पेडल दाबल्यावर थ्रॉटल उघडलं का?

पेडलचा आकडा वाढला पण थ्रॉटल बंदच राहिलं, तर एक तर संगणक मनाई करतोय किंवा थ्रॉटल अडकतंय. थ्रॉटल उघडलं आणि तरी इंजिन ओढत नाही, तर इंधन, हवा, ठिणगी बघा. पेडलचाच आकडा मधेच खाली पडला, पाय तर दाबलेला होता, तर पेडल सेन्सर. एवढ्या एका तुलनेनं अनेक निरपराध पंप वाचतात. (डिझेल गाडीत थ्रॉटलवरून हे कळत नाही. तिथे पेडलचा आकडा आणि रेलचा मागितलेला व मिळालेला दाब शेजारी ठेवा.)

ऑक्सिजन सेन्सर वाचताना एक सापळा आहे. वळणात पाय सोडला की संगणक इंजेक्टर बंद करतो, त्यामुळे सेन्सर जवळजवळ शून्य व्होल्ट दाखवतो. ते बिलकूल बरोबर आहे. बघायचं ते पाय पुन्हा दाबल्यानंतर. साध्या सेन्सरचा आकडा जोर देताना ०.८ ते ०.९ व्होल्टच्या आसपास जायला हवा. तो ०.१ च्या जवळ रेंगाळला आणि त्याच वेळी गाडी दबली, तर इंजिन उपाशी आहे.

## टप्पा ५: इंधनाची शाखा

डाव्या वळणात इंधन उजवीकडे सरकतं, उजव्या वळणात डावीकडे. त्यात रेस दिली की ते मागेही जातं. हे होणारच हे धरूनच पंप टाकीतल्या एका लहान भांड्यात बसवलेला असतो. ते भांडं भरलेलं राहिलं तर टाकीत कितीही लाटा उठल्या तरी पंपाला कळत नाही. म्हणून टाकी अर्धी असताना दोष येत असेल तर कारण ‘इंधन सरकलं’ हे नसून ‘भांडं भरलेलं राहिलं नाही’ हे असतं. ते का, याचा शोध घ्यायचा.

१. पातळी. काटा रिझर्व्हजवळ असतानाच दोष येतो आणि वळण लांब, वेगाचं असतं? तर दोष गाडीचा नसेलही. टाकी पावाच्या वर ठेवून काही दिवस पाहा.

२. दोन कप्प्यांची टाकी. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या किंवा चारचाकी ड्राइव्हच्या अनेक गाड्यांत टाकी खालच्या शाफ्टवर खोगिरासारखी बसते. एका कप्प्यात पंप, आणि दुसऱ्यातलं इंधन जेट पंपानं ओढून आणलेलं. जेट पंप बंद पडला की काटा पाव टाकी दाखवतो आणि पंपाचा कप्पा मात्र रिकामा. इथे मुख्य पंप बदलून काही होत नाही.

३. दाब. गेज लावून आयडलला आणि जोर देताना दाब मोजा. पोर्ट इंजेक्शनच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत तो ३ ते ४ बारच्या आसपास असतो, पण अंतिम आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरा. आयडलला दाब बरोबर आहे म्हणून पंपाला पास करू नका. पंपाची खरी परीक्षा भाराखाली असते. सरळ रस्त्यावर पूर्ण रेस देतानाही दाब पडत असेल तर पंप दमलाय किंवा जाळी, फिल्टर तुंबलाय. फक्त वळणानंतर पडत असेल तर भांडं, जाळी आणि जेट पंप बघा.

४. टाकी काठोकाठ भरल्यावरच दोष येतो? मग उलट दिशेनं विचार करा. पेट्रोल पंपावरची नळी ‘टक्’ करून थांबल्यावरही भरत राहिलं की पेट्रोल वाफा शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये शिरतं, आणि पर्ज व्हॉल्व्ह (त्या वाफा इंजिनात सोडणारी झडप) उघडला की ते इंजिनात ओढलं जातं. इंजिन उपाशी नसतं, त्याला जास्त झालेलं असतं. पहिल्या ‘टक्’ला थांबायची सवय लावा आणि व्हॉल्व्ह बंद असताना हवा गळत नाही ना ते तपासा.

डिझेलमध्ये फिल्टर आणि टाकीकडून येणारी नळी आधी बघा. सैल क्लिपमधून आत शिरणारी हवा बाहेर थेंबही दाखवत नाही. पारदर्शक नळी मधे जोडली की बुडबुडे दिसतात. पी००८७ कोड रेलचा दाब कमी असल्याचं सांगतो, पंपच खराब असल्याचं नव्हे.

> धोका: पेट्रोलची नळी उघडण्याआधी लाइनमधला दाब काढा, जवळ ठिणगी किंवा ज्योत नको, आग विझवणारं सिलिंडर हाताशी हवं. कॉमन रेल डिझेल आणि डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोलची उच्च दाबाची नळी इंजिन चालू असताना कधीही सैल करू नका. शेकडो, डिझेलमध्ये हजाराहून जास्त बारची ती धार कातडीत घुसते. तिथला दाब फक्त स्कॅनरवर वाचायचा.

## टप्पा ६: स्थिरता नियंत्रणाची शाखा

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित कारण हेच. गाडी घसरतेय असं ईएससीला (इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण यंत्रणेला) वाटलं की ती इंजिनाला ताकद कमी करायला सांगते. चालकाला ते हुबेहूब ‘पंप गेला’ असं जाणवतं. टप्पा ३ मध्ये काटा जागीच होता, टप्पा ४ मध्ये थ्रॉटल उघडलं नाही, मोबाइलच्या चित्रणात घसरणाऱ्या गाडीच्या खुणेचा पिवळा दिवा लुकलुकला, तर तपास इथे आणा.

आधी विचारा: ती खरोखर घसरत होती का? झिजलेले टायर, वाळू, ओला रस्ता, पुढच्या चाकांची ओढ आणि वळणात जोरात रेस. अशा वेळी आतलं चाक मोकळं फिरतं आणि यंत्रणा आपलं काम चोख करते. तिथे टायर बदला, सेन्सर नको.

कोरड्या रस्त्यावर, संथ वेगातही हे होत असेल तर:

१. स्टिअरिंगचा कोन. सरळ रस्त्यावर गाडी सरळ जात असताना स्कॅनरवर कोन शून्याच्या अगदी जवळ हवा. सतत काही अंश एका बाजूला दिसत असेल तर यंत्रणेला वाटतं तुम्ही वळताय, पण गाडी वळत नाही. अलाइनमेंटनंतर हा दोष फार दिसतो. आधी अलाइनमेंट बरोबर, मग स्कॅनरनं कोनाचं कॅलिब्रेशन. उलट क्रमानं केलं तर दोन्ही वाया.

२. चारही चाकांचा वेग. सरळ जाताना चारही आकडे जवळजवळ सारखे. वळणात बाहेरची चाकं जास्त, आतली कमी. डाव्या आणि उजव्या वळणातला फरक एकमेकांचं आरशातलं रूप असायला हवा. एखादा आकडा मधेच शून्यावर पडला तर त्या चाकाचा सेन्सर, त्याची वायर किंवा बेअरिंग. पुढच्या चाकाची वायर स्टिअरिंगबरोबर दर वेळी वाकते, त्यामुळे ती आवरणाच्या आत तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर बाजूच्या जोरानं सेन्सरची फट बदलते. चाक उचलून वर-खाली हलवून पाहा.

३. बटण बंद करून खात्री. मोकळ्या जागी, कमी वेगात ईएससी बंद करून चाचणी ख पुन्हा करा. काही गाड्यांत बटण एकदा दाबल्यानं फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतं, काहींत ईएससी पूर्ण बंद होतच नाही. मॅन्युअल वाचा.

> धोका: बटण बंद केल्यावर दोष गेला म्हणजे गाडी दुरुस्त झाली नाही. चाचणी संपताच ईएससी चालू करा. तशीच चालवत राहू नका.

## टप्पा ७: हलणाऱ्या वायरी आणि फाटके पाइप

रेस दिली की इंजिन माउंटिंगवर मागे-पुढे झुकतं. माउंटिंग फाटलं असेल तर हे झुकणं खूप वाढतं आणि इंजिनाशी जोडलेली प्रत्येक वायर, प्रत्येक नळी ताणली जाते. बॉनेट उघडून, सहाय्यकाला ब्रेक घट्ट दाबून क्लचवर हलका जोर द्यायला सांगा (ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबून क्षणभर डी, मग आर) आणि तुम्ही बाजूला उभे राहून इंजिन किती उसळतं ते पाहा. गाडीच्या पुढे किंवा मागे उभं राहायचं नाही.

मग एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाइप काढून हातात वाकवा. त्याच्या घड्यांमधली चीर गाडीवर असताना मिटलेली असते आणि इंजिन झुकलं की उघडते. सेन्सरनं न मोजलेली हवा आत शिरते आणि पी०१७१ (मिश्रणात इंधन कमी) सारखा कोड येतो. लोक इंजेक्टर साफ करत बसतात.

शेवटी हलवून पाहण्याची चाचणी: इंजिन आयडलवर ठेवून क्रँक सेन्सर, एअर फ्लो सेन्सर, थ्रॉटल बॉडी यांचे कनेक्टर आणि इंजिनाची अर्थिंग पट्टी एकेक करून हलवा. पंखा आणि बेल्टपासून हात, बाही लांब. इंजिन धडधडलं तिथे थांबा.

## टप्पा ८: पेडल, थ्रॉटल आणि ब्रेक स्विच

चाचणी क मध्ये दोष आला असेल तर मुख्य संशयित इथे आहेत. अनेक गाड्यांत ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकत्र दाबले गेले की संगणक रेस मान्य करत नाही. ब्रेक स्विच सैल झाला किंवा चिकटला, तर पाय उचलल्यावरही संगणकाला ब्रेक दाबलेलाच दिसतो. वळणाआधी ब्रेक, वळणानंतर रेस: दोष नेमका वळणावरच येणार. सहाय्यकाला मागे उभं करून पाय उचलताच दिवे विझतात का ते पाहा, आणि स्कॅनरवर ब्रेकची स्थितीही बघा. स्विचमध्ये बऱ्याचदा दोन स्वतंत्र सर्किट असतात. दिवे बरोबर आणि संगणकाकडे जाणारा सिग्नल चूक, असंही होतं.

पेडलसाठी इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून पेडल अगदी हळू खाली न्या. आकडा सलग वाढला पाहिजे. उडी किंवा खड्डा दिसला, किंवा पी२१३८ (पेडल सेन्सरचे दोन सिग्नल जुळत नाहीत) कोड असेल, तर आधी कनेक्टर, मग पेडल. थ्रॉटल बॉडीवर काजळी असेल तर ती साफ करा आणि नंतर तुमच्या गाडीची थ्रॉटल शिकवणी (संगणकाला थ्रॉटलची स्थिती पुन्हा शिकवणं) करा, नाहीतर आयडल बिघडतं.

टर्बो गाडीत मात्र आधी एक साधा प्रयोग करा: त्याच वळणातून एक गिअर खाली घेऊन बाहेर पडा. दबणं गेलं तर तो टर्बो लॅग (टर्बोला वेग घ्यायला लागणारा उशीर) होता. काहीही दुरुस्त करायचं नाही.

## टप्पा ९: स्टिअरिंगचा भार आणि गिअरबॉक्स

चाचणी ग मध्ये आरपीएम खचलं असेल तर मल्टिमीटर बॅटरीवर ठेवून स्टिअरिंग फिरवा. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. विजेचं स्टिअरिंग फिरताना थोडं खाली येणं ठीक, पण १२.५ च्या खाली जाऊन तिथेच राहिलं तर अल्टरनेटर, बेल्ट आणि अर्थिंग बघा.

काटा वर पळत असेल तर ऑटोमॅटिकचं ऑइल योग्य तापमानाला, कंपनीच्या पद्धतीनं तपासा. ते कमी असेल तर वळणात गिअरबॉक्सच्या पंपाचं तोंड उघडं पडतं आणि दाब जातो. मॅन्युअलमध्ये वरच्या गिअरला, कमी वेगात पूर्ण रेस द्या. आरपीएम वेगापेक्षा पुढे धावलं तर क्लच घसरतोय.

## टप्पा १०: एक बदल, मग तीच चाचणी

एका वेळी एकच भाग बदला आणि ज्या चाचणीत दोष आला होता तीच चाचणी, त्याच दिशेनं, तितक्याच इंधनावर, तितक्याच गरम इंजिनावर पुन्हा करा. पाव टाकीत येणारा दोष भरल्या टाकीत तपासून ‘गेला’ म्हणू नका. कोड आता पुसा, काही दिवस चालवा आणि पेंडिंग यादी पुन्हा वाचा.

गॅरेजमध्ये न्यायची वेळ आलीच तर ‘पिकअप नाही’ एवढंच सांगू नका. दिशा, वेग, गिअर, इंधनाची पातळी, काट्याचं वागणं, कोणत्या चाचणीत दोष आला आणि कोणत्या चाचणीत आला नाही, हे एका कागदावर लिहून द्या, सोबत स्कॅनरची नोंद द्या. आणि गाडी रहदारीत ओढेनाशी होत असेल, उजवीकडे वळताना समोरच्या वाहनांच्या मार्गात अडकण्याची शक्यता असेल, तर कारण सापडेपर्यंत ती चालवत नेऊ नका, टो करून न्या.